चार सेकंद

नक्कल काल हातात पडली. सहा पानांचा उलटतपास, आणि मी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपुढे सरकत नाहीये.

दावा मृत्युपत्राचा. मी प्रतिवादी मुलीतर्फे, म्हणजे मृत्युपत्र खोटं म्हणणाऱ्या बाजूला. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाने ते करणाऱ्याच्या समक्ष सही करायची असते. इथे एक साक्षीदार वारलेला, दुसरे ८२ वर्षांचे, लेकीकडे लंडनला. वादीने व्हिडिओवर साक्ष घ्यायचा अर्ज दिला. मी कडाडून विरोध केला. खरं सांगायचं तर त्यात तत्त्व कमी, डाव जास्त. हे गृहस्थ आलेच नसते तर वादीला सह्या ओळखणारी माणसं शोधत फिरावं लागलं असतं. न्यायाधीश साहेबांनी दोन परिच्छेदांत अर्ज मंजूर केला: सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच, तेही फौजदारी खटल्यात, पडद्यावरची हजेरी ग्राह्य धरलीय, मग दिवाणीत हरकत कसली?

सरतपास, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने घ्यायची पहिली साक्ष, हल्ली शपथपत्रावरच होतो. म्हणजे तो भाग वकिलाने लिहिलेला. साक्षीदार स्वतःच्या तोंडाने बोलतो तो उलटतपासात, आणि तिथे सगळा खेळ वेगाचा. एका उत्तरावर दुसरा प्रश्न, कागद अचानक पुढ्यात. इथे तो कागद आठवडाभर आधी सीलबंद पाकिटातून उच्चायुक्तालयातल्या समन्वयकाकडे पाठवावा लागला. पाकीट टेबलावर, साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर. कसलं अचानक!

साडेतीनला पुकारा झाला, तिकडे सकाळचे दहा. पहिली वीस मिनिटं 'आवाज येतोय का' यातच गेली. समन्वयकाने कॅमेरा फिरवून खोलीत दुसरं कोणी नाही हे दाखवलं. माणूस चोख होता. आमच्याकडच्या यंत्रणेबद्दल न बोललेलं बरं; स्पीकर शेवटी स्टेनोच्या मशीनवर टेकवून ठेवला.

पत्ता, पूर्वीचा व्यवसाय, मयताशी ओळख कशी, हे विचारून झालं. मूळ मृत्युपत्र आमच्याकडे फाईलमध्ये, त्यांच्यापुढे स्कॅन. सही ओळखली. शाई कुठली, हे स्कॅनवरून काय सांगणार? मग मी विचारलं, "काका, तुम्ही सही केलीत तेव्हा ते स्वतः खोलीत होते का?"

चेहरा स्थिर. एक, दोन, तीन, चार. मग, "हो, होते."

पिंजऱ्यातला माणूस असा थांबला तर मला कळतं. गळ्याची घाटी हलते, नजर आपल्या वकिलाकडे जाते, बोटं कठड्यावर घट्ट होतात. इथे खांद्यापर्यंतचं चित्र, आणि ते हलत नव्हतं. माणूस थांबला होता की चित्र?

साक्षीदाराच्या वागण्याची नोंद न्यायालयाला घेता येते. मी तशी विनंती केली. समोरचे वकील हसत म्हणाले, "नेटचा गॅप आहे, साहेब." साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, ही त्यातली चिडचिड. आमचे समोरचे मित्र मात्र एरवी नेट गेलं की तारीख मागतात.

आमच्याकडे जबाबात प्रश्न सहसा उतरवत नाहीत, उत्तरांचं सलग निवेदन होतं. त्यामुळे तिसऱ्या पानावर आता आहे: "मी सही केली तेव्हा मयत त्या खोलीत हजर होते." खाली माझी सूचना, म्हणजे मयत खोलीत नव्हते हे मी त्यांच्यापुढे ठेवलेलं म्हणणं, आणि त्यावर त्यांचं उत्तर, "हे म्हणणे खरे नाही." रेकॉर्डिंग करायची आम्हाला मनाई. चार सेकंद फक्त माझ्या डायरीच्या समासात आहेत.

अशील विचारते, व्हिडिओला विरोध करत राहायला हवा होता का? पण कमिशनवर, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या माणसाने तिकडे जाऊन साक्ष नोंदवली असती, तरी काय मिळालं असतं, तोच कागद, तोच जबाब. युक्तिवाद पुढच्या महिन्यात आहे. तो थांबा नेटचा नव्हता असं म्हणायचं तर आधीच्या साध्या प्रश्नांशी तुलना हवी. पत्ता विचारला तेव्हा उत्तर किती सेकंदांनी आलं होतं, हे मी मोजलं नव्हतं.