स्टीलहेडच्या मागे तीन दिवस माश्या मारल्या

आधी पैशाचं बोलतो, कारण डोकं अजून त्यातच आहे. गाइड आणि त्याची होडी घेऊन आम्ही दोघे मित्र नदीवर स्टीलहेड मासे पकडायला गेलो होतो. जाहिरातीत लिहिलं होतं, दोघांसाठी दिवसाला ६०० डॉलर, सगळं धरून. तिसऱ्या संध्याकाळी हातात बिल आलं त्यात गाडी हलवण्याचे रोज ६०, माझ्या भाड्याच्या वेडर्सचे (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची विजार) रोज ४० आणि दगडात अडकून तुटलेल्या अकरा माश्यांचे, म्हणजे पिसं-धागे बांधलेल्या गळांचे, प्रत्येकी ८ डॉलर वेगळे लावलेले. म्हणजे मासा एक, माश्या अकरा. टिप धरून अडीच हजार डॉलरच्या वर गेलं. टिपबद्दल तक्रार नाही, १५ ते २० टक्के द्यायची हे इथे गृहीतच असतं, आणि दिवसभर वल्ही मारणाऱ्या माणसाला ती मिळायलाच हवी. माझा राग गाडीच्या साठ डॉलरवर आहे. होडी सकाळी वर पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी दहा-पंधरा किलोमीटर खाली बाहेर काढतात. मधल्या वेळात कोणीतरी ट्रक आणि ट्रेलर खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवतो. हे केल्याशिवाय ट्रिप होतच नाही. खानावळीने जेवण झाल्यावर ताटाचं भाडं लावावं तसला हा प्रकार आहे. बुकिंग करताना ‘शटल, वेडर्स, तुटलेल्या माश्या’ हे तीन शब्द लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आम्ही गेलो होतो वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मुक्काम फोर्क्सला. सिएटलहून बेनब्रिजची फेरी, मग हूड कॅनॉलचा पूल, पोर्ट एंजेलिस आणि लेक क्रेसेंटच्या काठाचा वळणावळणांचा रस्ता, असे चार तास धरा. फोर्क्सच्या आसपास ‘हो’ (Hoh), सोल डक, बोगाचील आणि कॅलावा अशा चार नद्या आहेत, त्यामुळे एक गढूळ झाली तर दुसरीवर जाता येतं. इथे येण्याचं खरं कारण हेच.

स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होऊन अंडी घालायला नदीत परत येणारा. हिवाळी मासे साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये वर चढतात. सामनसारखे अंडी घालून हमखास मरत नाहीत, काही पुन्हा समुद्रात जातात. त्याला इथे ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात, हजारदा गळ टाकावा तेव्हा एक लागतो म्हणून. मला वाटलं होतं, गाइड असल्यावर शंभरात भागेल.

पावसाबद्दल फुशारकी मारू नका. मी कोकणातला, मला कोण पाऊस शिकवणार, या तोऱ्यात गेलो होतो. फोर्क्सला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्याएवढाच. पण आपला पाऊस उबदार असतो आणि कोसळून मोकळा होतो. हा चार अंशात दिवसभर ठिबकतो आणि मानेतून आत शिरायची वाट शोधत राहतो.

पहिला दिवस हो नदी. पहाटे साडेपाचला पेट्रोल पंपावर भेटायचं ठरलं होतं. उजाडतं सव्वासातच्या सुमारास, पण पहिल्या जागा मिळवायच्या तर अंधारातच होडी लावावी लागते. हो माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांतून येते, बुडाशी राखाडी चिखल असतो, आणि वर जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस ती नीट निवळत नाही. आदल्या रात्री झालाच होता. पाणी सिमेंट कालवल्यासारखं. हवं असतं ते तीनेक फूट तळ दिसेल असं हिरवट पाणी. हायवे १०१ च्या पुलाजवळ नदीचं पाणी मोजणारं सरकारी मापक आहे, त्याचे आकडे इंटरनेटवर दिसतात. आदल्या रात्री रेघ उभी वर चढताना दिसली तर तिथूनच गाइडला फोन करा आणि नदी बदलायला सांगा. आम्ही भिडेपोटी गप्प बसलो. एक दिवस गेला.

आणि त्याच दिवशी दुसरी फसगत झाली. आम्ही महिनाभर शनिवार-रविवार स्नोक्वाल्मी नदीवर जाऊन दोन हातांनी टाकायचा तेरा फुटी स्पे रॉड शिकलो होतो. गाइडने मात्र पहिल्याच जागी आमच्या हातात आखूड रॉड दिला. दोरीला तरंगणारा गोळा, खाली शिसं आणि माशाच्या अंड्यासारखा दिसणारा मणी. गोळा बुडाला की ओढायचं. मी म्हटलं, ‘आम्हाला स्विंग करायचं होतं.’ म्हणजे माशी ताणलेल्या दोरीवर प्रवाहात आडवी झुलवत आणायची. तो म्हणाला, ‘मासे पकडायचेत की दोरी उडवायचीय?’ त्याचंही चूक नव्हतं, गोळ्याखाली मासे जास्त लागतात. पण मला तेच करायचं असतं तर महिनाभर खांदा कशाला दुखवून घेतला असता? बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा: स्विंग की गोळा? जो गाइड ‘दोन्ही करू’ म्हणेल तो गोळाच लावणार हे समजून चाला. आणि स्पे येत नसेल तर तिथे जाऊन शिकू हा विचार सोडा. पाठीमागे झाडी, समोर वारा, दोरीच्या टोकाला जड सिंक टिप (बुडणारा तुकडा) आणि कोंबडीच्या पिलाएवढी ओली माशी. पहिल्यांदा टाकाल ती आपल्याच कानात.

आता सोल डक. ही लवकर निवळते म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. सुंदर नदी आहे वगैरे सगळे लिहितातच. दगडांबद्दल कोणी लिहीत नाही. एका जागी गाइडने होडी वर नांगरली आणि म्हणाला, काठाने खाली चालत जा, तिथून सुरू करा. अंतर जेमतेम साठ मीटर. तेवढ्याला आम्हाला पाऊण तास लागला. नारळाएवढ्यापासून वॉशिंग मशीनएवढ्यापर्यंतचे गोटे, प्रत्येकावर बुळबुळीत शेवाळ, मांडीभर पाणी, आणि काठावर डेव्हिल्स क्लब नावाची झुडपं. तोल गेला म्हणून मी त्यातलंच एक धरलं. ते खोडापासून पानांच्या शिरांपर्यंत काट्यांनी भरलेलं असतं. काटे केसाएवढे, मोडून आत राहतात. अजून दोन आहेत.

घसरण्याचं खरं कारण वेगळं होतं. होडीचा तळ खराब होतो म्हणून बरेच गाइड खिळ्यांचे बूट चालवून घेत नाहीत. आमच्यानेही आदल्या दिवशीच निरोप दिला होता: साधे रबरी तळवे आणा. सोल डकवर साधे रबरी तळवे म्हणजे साबणाच्या वड्या. उपाय सोपा आहे आणि तो मला परत आल्यावर कळला: बुटांवर चढवायचे पट्ट्यांचे खिळे मिळतात, होडीतून उतरल्यावर काठावर चढवायचे, परत बसताना काढायचे. हे घेतल्याशिवाय सोल डकला जाऊ नका. नसतील तर होच्या वाळूवर दिवस काढा.

पडलो तो शेवटच्या पाच मीटरमध्ये. उजवा पाय दोन गोट्यांच्या फटीत गेला, काठी वाकली आणि मी छातीपर्यंत पाण्यात बसलो. वेडर्सचा पट्टा आवळलेला होता म्हणून आत फक्त कळशीभर पाणी गेलं. पट्टा सैल असता तर हे लिहायला कोणी दुसरं बसलं असतं. पाणी पाच अंशांचं, श्वासच लागत नाही काही क्षण. मित्र हसला. गाइड हसला नाही, त्यावरून मला अंदाज आला. कोरडे कपडे आणले होते, पण ते ट्रकमध्ये, आणि ट्रक चार तास खाली! कपड्यांची पिशवी होडीत ठेवा, वॉटरप्रूफ. आतले कपडे लोकरीचे किंवा फ्लीसचे, सुती बनियनसुद्धा नको. आणि वेडर्स भाड्याचे घेऊच नका. माझ्यांच्या डाव्या गुडघ्याला शिवणीत भोक होतं, तिन्ही दिवस एक मोजा ओला, वर रोज चाळीस डॉलर.

त्यानंतरचा अर्धा तास मात्र अडीच हजारांचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मी हट्टाने स्पे रॉड मागून घेतला. प्रवाहाला तिरकं, थोडं खाली टाकायचं. दोरीचं पोट उचलून वरच्या अंगाला पलटायचं म्हणजे माशी बुडायला वेळ मिळतो. मग दोरी ताणली जाते आणि माशी प्रवाह कापत संथपणे काठाकडे येते. शेवटी क्षणभर लटकू द्यायची. दोन पावलं खाली. पुन्हा तेच. हाताला थरथर, बोटं लाकडी, गुलाबी-नारिंगी माशी, मोठ्या दगडामागची मऊ लकेर. मधेच दोरी थांबली. ओढ नाही, झटका नाही, कोणीतरी पदर धरावा तशी थांबली. आणि मग हातातला सैल वेढा सर्रकन गेला.

आमच्या खाडीत गरवताना गरीला मासा लागला की झटका द्यायचा, हे मी सातव्या वर्षी शिकलोय. हाताने तेच केलं. रॉड वर उचलला. पलीकडे पाण्यातून चांदीचा एक हातभर लांब पत्रा पूर्ण बाहेर आला, आडवा पडला आणि दोरी ढिली झाली. संपलं. गाइड म्हणाला, ‘तू त्याच्या तोंडातून काढून घेतलीस.’ स्विंगमध्ये मासा माशी घेतो आणि वळतो, वळताना गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तोवर आपण काहीही करायचं नसतं. वेढा जाऊ द्यायचा, रीलला बोलू द्यायचं, मग रॉड काठाच्या बाजूला आडवा न्यायचा. गरवायची सवय असलेल्या कोकण्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. दोन दिवसांत एवढी एकच संधी आली.

तिसरा दिवस बोगाचील. ऊन होतं, काठ सोपा, गोळ्याखाली मित्राला सात पौंडी मासा मिळाला. छान दिवस होता. पुढे.

नियमांचं थोडं. जंगली मासा सोडूनच द्यायचा, आणि सोडायचा मासा फोटोसाठीसुद्धा पूर्ण पाण्याबाहेर काढता येत नाही. जाहिरातींतले छातीशी धरलेले मासे पाहून तशी पोझ घ्याल तर दंड भराल. पाठीवरचा शेपटीकडचा लहान पर कापलेला असेल तो हॅचरीचा, म्हणजे केंद्रात वाढवून सोडलेला, तोच ठेवता येतो, आणि ठेवला की तिथल्या तिथे कार्डावर नोंद करायची. पेन न्या, पावसात चालणारं. गळ एकच, काटा चेपलेला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने या किनारी नद्यांवर आमिष आणि होडीत बसून मासेमारी बंद केली, तेव्हापासून दर हंगामाला नियम फिरतात. २०२२ मध्ये तर १ मार्चलाच सगळं बंद झालं. म्हणून मार्चचं बुकिंग करणार असाल तर अनामत परत मिळते का ते आधी पाहा. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. मी फेब्रुवारीत वार्षिक घेतला, दीड महिन्यासाठी. एक ते तीन दिवसांचाही मिळतो, कोणी सांगत नाही.

खालच्या अंगाला आदिवासींची जाळी असतात. गाइडने त्यावरून तासभर कुरकुर केली. त्यांचा तो करारातला हक्क आहे, १९७४ मध्ये फेडरल न्यायालयाने अर्धा वाटा त्यांचा असं ठरवलंय. मी म्हटलं, त्यांच्याच माशांवर तूही पोट भरतोस. उरलेला तास शांततेत गेला.

दुपारचं जेवण ‘सगळं धरून’मध्ये खरोखर होतं: थंड टर्कीचं सँडविच, आणि पाऊस लागून ब्रेडचा झालेला लगदा. आम्ही थालीपीठं आणि थर्मासभर आल्याचा चहा नेला होता म्हणून निभावलं. गाइडने दोन थालीपीठं खाल्ली. त्याचे त्याने वेगळे पैसे दिले नाहीत.

मित्राचा मासा हॅचरीचा होता, म्हणून घरी आणला. अर्ध्याचं तिखलं केलं, अर्धा मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ लावून तळला. फिकट गुलाबी मांस, काटे काढायला सोपे, चवीला सौम्य. वाईट नाही. पण सुरमईच्या पंक्तीला बसवणार नाही, आणि खाण्यासाठी म्हणून कोणी जाणार असेल तर सरळ कॉस्टकोच्या दुकानात जा.