मामांचं करंट खातं

मामांवर सायबरची केस झालीय असं आई फोनवर म्हणाली तेव्हा मला कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय. आमचे मामा म्हणजे इचलकरंजीतले, सख्खे नाहीत, भिंतीला भिंत लागून घर आहे आणि आई त्यांना राखी बांधते म्हणून मामा. उभा जन्म यंत्रमागावर गेलाय, मागाच्या खडखडाटात कान अर्धे गेलेत त्यामुळे घरातसुद्धा ओरडूनच बोलतात, आणि मोबाईलवर गुड मॉर्निंगची फुलं पुढे ढकलण्यापलीकडे काही येत नाही. हा माणूस सायबरवाला?

मी स्वतः बँकेत आहे (कुठल्या ते राहू दे), म्हणून सगळे कागद माझ्याकडेच आले. नोटीस इंग्रजीत, तेलंगणा पोलिसांची, आणि ती पण मामांच्या पोराच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ. तसं बघायला गेलं तर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय की हजर राहायची असली नोटीस व्हॉट्सॲपवर दिलेली चालत नाही, पण हे मामांना कोण सांगणार, घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. नोटिशीत लिहिलंय की तिकडच्या एका रिटायर्ड माणसाला खोट्या पोलिसांनी डिजिटल अरेस्टच्या नावाखाली घरात व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत वगैरे नेहमीची टेप, आणि त्याने घाबरून जे पैसे पाठवले ते पहिले येऊन पडले एका ट्रेडिंग फर्मच्या करंट खात्यात. फर्मचे मालक आमचे मामा!

आता हे झालं कसं ते सांगते, कारण माझ्या शाखेतसुद्धा असली माणसं येऊन जात असणार आणि मी त्यांना टोकन घेऊन बसा म्हटलं असणार.

मामांचा मुलगा हुशार आहे. सीईटीला चांगले मार्क पडले, कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, पुण्याकडच्या एका प्रायव्हेट कॉलेजात कॉम्प्युटर लागलं, गल्लीत पेढे वाटून झाले. सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये नेटकॅफेत भरले. आणि मग कॉलेजात रिपोर्टिंगला गेल्यावर खरा आकडा कळला. मुलगी असती तर गोष्ट वेगळी होती, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. यांचा मुलगा, त्याला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून अर्धी ट्यूशन फी. अर्धी म्हणजे ट्यूशनचीच अर्धी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यातलं काही त्यात धरत नाहीत. आणि कॉलेजवाले काउंटरवर म्हणाले सरकारचे पैसे येतील तेव्हा वळते करू, तुम्ही आता पूर्ण भरा, चार दिवसांत नाही भरले तर सीट पुढच्या राउंडला जाईल.

चार दिवसांत पैसे कुठून आणायचे? मागावर मजुरी पिकावर असते, पिक म्हणजे कापडातला आडवा धागा, किती पिकाचं कापड त्यावर मीटरचा रेट, आणि पगार आठवड्याला. माग बंद तर मजुरी बंद. सुताचे भाव वरखाली झाले की मालक एक पाळी कमी करतो आणि ते वर्ष मंदीचंच होतं. मालकाकडून उचल आधीच घेतलेली. एज्युकेशन लोन म्हणाल तर कागदावर सगळं छान आहे, ४ लाखांपर्यंत मार्जिन मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, मी स्वतः लोकांना हे काउंटरवर सांगते. पण शाखेत पहिला प्रश्न सिबिलचा, म्हणजे आधीची कर्जं फेडल्याच्या स्कोअरचा असतो, वडील को-बॉरोअर आणि वडिलांचं सिबिल मामींच्या बचत गटाच्या कर्जाला जामीन राहून कधीच खड्ड्यात गेलेलं. आणि सिबिल चांगलं असतं तरी चार दिवसांत कुठलं लोन मंजूर होतंय.

मला का नाही विचारलं हे मी मामांना विचारलं. तर म्हणाले, "तुझ्या बापाच्या आजारपणात तू काय काय विकलंयस ते बघितलंय की मी. तुला कुठल्या तोंडानं मागू?" यावर काय बोलणार.

तर चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला. अनोळखी नाही, कारखान्यातल्या जॉबरचा, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याचा भाचा, लहानपणापासून बघितलेला. तो म्हणाला मामा तुमच्या नावावर एक खातं काढायचं, तुम्हाला काही करायचं नाही, जीएसटीची भानगड वाचवायला मोठ्या व्यापाऱ्यांना दुसऱ्यांची खाती लागतात, महिन्याभराचं काम, ४०,००० मिळतील. मामांना जीएसटी चुकवणं म्हणजे गुन्हा वाटलाच नाही, आणि खरं सांगू, आमच्या गावात ते फार कुणालाच वाटत नाही. कच्च्या बिलावर अर्धा बाजार चालतो. त्या पोराने बरोबर तेवढाच खोटेपणा सांगितला जेवढा मामांना पचेल. डिजिटल अरेस्टचे पैसे येणारेत म्हटला असता तर मामांनी त्याला तिथेच पायताण दाखवलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग दोन दिवसांत फर्म तयार. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर फुकट आणि जागेवर होतं. कामगार थोडे असले की शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. पॅनकार्ड होतंच. त्यानंतरचा भाग मला मामींनी सांगितला. कुणाच्या तरी बंद गाळ्याच्या शटरवर फर्मच्या नावाचा फ्लेक्स लावला, फ्लेक्सखाली मामांना उभं केलं, अंगात मालकाच्या पोराच्या लग्नात मिळालेला शर्ट, आणि बँकेच्या माणसाने मोबाईलवर लोकेशनसकट फोटो काढला. फोटो काढून झाल्यावर फ्लेक्स गुंडाळून तो पोरगा गाडीवर घेऊन गेला. पुढच्या गाळ्यापुढच्या मालकासाठी लागणार असेल, नाव तेवढं बदलायचं.

इथे माझं डोकं फिरतं. त्या फाइलमध्ये खोटं काहीच नाही हो. आधार खरं, पॅन खरं, माणूस खरा, सही खरी, गाळा पण खरा. फक्त धंदा नाही. आणि धंदा आहे का हे बघणं कुणाच्याच टार्गेटमध्ये बसत नाही, टार्गेटमध्ये बसतं ते खातं उघडणं. महिनाअखेरीला करंट अकाउंटचा आकडा कमी पडला की आमच्याकडे काय वातावरण असतं ते मला विचारा. मागवाला माणूस, बोटांना तेल आणि सुताची धूळ, तो लाखोंच्या उलाढालीचं खातं काढतोय आणि समोरच्याला एक प्रश्न सुचू नये? सुचला असेलच, विचारला नाही एवढंच. जून २०२५ मध्ये सीबीआयने पाच राज्यांत छापे मारले तेव्हा त्यांनीच सांगितलं की देशभरात वेगवेगळ्या बँकांच्या ७०० हून जास्त शाखांमध्ये अशी साधारण साडेआठ लाख खाती उघडली गेलीत. आणि १ डिसेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे देताना बँकवाल्यांची भूमिका पण तपासा, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तपासा, असं सांगितलं. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी एक अक्षर टाकलं नाही.

करंट खातंच का लागतं, तर सेव्हिंगमध्ये अचानक लाखो आले की लगेच डोळ्यावर येतं, करंटमध्ये मोठी उलाढाल असणारच असं धरलेलं असतं. खातं निघालं की किट द्यायची, म्हणजे सह्या केलेलं चेकबुक, एटीएम कार्ड, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि मुख्य म्हणजे खात्याला जोडलेलं सिम. सिम मामांच्या आधारवर नवीन घेतलेलं आणि त्याच दिवशी त्या पोराच्या खिशात गेलेलं. त्यामुळे आपल्या खात्यात किती आले किती गेले याचा एक मेसेज मामांना कधी आला नाही. पैसे येतात ते काही मिनिटंसुद्धा थांबत नाहीत, लगेच फुटून पुढच्या दहा-वीस खात्यांत, तिथून अजून पुढे, मग कुठे एटीएममधून कॅश, कुठे यूएसडीटी ही क्रिप्टो घेऊन देशाबाहेर. लुटलेल्या माणसाने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर वाटेत काही तरी होल्ड होतं, पण डिजिटल अरेस्टमधल्या माणसाला फोन खाली ठेवूच देत नाहीत, तो १९३० कधी लावणार. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फ्रॉडमध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. त्यातला प्रत्येक रुपया आधी कुणाच्या तरी खात्यात उतरलाय, आणि ते खातं बहुतेक वेळा मामांसारख्याच कुणाचं तरी असतं.

४०,००० ठरले होते, हातात आले १५,०००. बाकीचे नंतर म्हणाला. त्यात मामींची बोरमाळ गेली आणि फी भरली. म्हणजे गंमत बघा, बोरमाळ शेवटी गेलीच.

आता पोलीस कुणाला शोधणार? व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला कुठल्या देशात आहे ते माहीत नाही, पैसे फिरवणारा टेलिग्रामवरचा एक आयडी, त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. सगळ्या साखळीत घरचा पत्ता असलेला माणूस एकच, ज्याचं खातं तो. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा, शिवाय आयटी ॲक्टचं ६६डी. वकील म्हणाले तिकडच्यांनी संघटित गुन्हेगारीचं १११ लावलं तर मात्र अवघड, त्यात कमीत कमीच पाच वर्षं आहेत. पॅनवरून मामांचं जुनं सेव्हिंग खातंपण गोठवलंय, ज्यात आठवड्याचा पगार यायचा. मालक सध्या रोख देतोय, चांगला माणूस आहे.

गल्लीत दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते गरीब माणूस, पोरासाठी केलं, त्याला काय कळतंय. हे मला अर्धंच पटतं. मामांना डिजिटल अरेस्ट कळत नव्हती हे खरं, पण नुसत्या सहीचे कुणी ४०,००० देत नाही हे कळायला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागत नाही, आणि मामांनी विचारलं नाही कारण उत्तर ऐकायला परवडणारं नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर बोललेय. तिकडे तेलंगणात कुणाच्या तरी आयुष्यभराच्या पीएफचे पैसे गेलेत, त्याच्या घरच्यांनी मामांचा फ्लेक्सखालचा फोटो बघून काय म्हणायचं? दुसरी पार्टी म्हणते टाका आत, सगळी मिळालेली असतात. त्यांना मी विचारलं की फ्लेक्सचा फोटो काढून गेलेला बँकेचा माणूस पण आत टाकायचा ना मग? तर म्हणाले त्याचं कामच आहे ते.

सध्या चाललंय ते असं. नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची आहे, म्हणजे लगेच अटक नाही, हजर होऊन सहकार्य करा. ट्रान्झिट अटकपूर्व जामीन, म्हणजे तिकडच्या कोर्टात पोचेपर्यंत अटक नको असा, इथल्या कोर्टातून मिळवून मग तिकडे जायचं ठरलंय. भाडं, वकील, लॉज सगळं धरलं तर खर्च फीच्या वर जातोय. मुलगा म्हणतो मी कॉलेज सोडतो, मामा त्याला म्हणाले, "सोडलंस तर मी खरोखरचा चोर हुईन बघ." मग तो निमूट गेला परत हॉस्टेलला.

वकिलांचं एकच म्हणणं आहे की मामांनी आपणहून जबाब द्यावा, टपरीवरच्या पोराचं नाव घ्यावं, त्याच्याशी झालेले कॉल आणि चॅट काढून द्यावेत, खातं उघडलं त्या दिवशीचं शाखेतलं सीसीटीव्ही मागावं. सगळी केस त्यावर उभी आहे. आणि मामा नाव सांगत नाहीत. का, तर त्या पोराने सगळ्यात आधी स्वतःचं खातं दिलं होतं, ते बंद पडल्यावर वरचे लोक म्हणाले अजून पाच माणसं आण नाहीतर तुझं नाव पोलिसांना देतो, आणि त्याच्या आईचं डायलिसिस चालू आहे. "त्याला आत घातला तर त्या म्हातारीला कोण नेईल गं दवाखान्यात," असं मामा मला ओरडून सांगत होते, म्हणजे नेहमीच्याच आवाजात, आणि वकिलांच्या बाहेरच्या बाकावरचे सगळे वळून बघत होते.

शुक्रवारी परत बोलावलंय. मी रजा टाकलीय. मामींना सोबत नेणारेय, माझं ऐकत नाहीत पण त्यांचं ऐकतील कदाचित.