उपवासकाळातला शुक्रवार आणि पापलेट

आज उपवासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला शुक्रवार, त्यामुळे वांद्र्याच्या बाजारात मटणाऐवजी पापलेटाला गर्दी. कॅथलिक नियमात या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. पण महागडं पापलेट म्हणजे त्याग? निदान बोंबील तरी घ्या!

पूर्ण उपास राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे). वय १८ ते ५९: एकदाच पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडंसं, ती दोन मिळूनही पूर्ण जेवणाएवढी होऊ नयेत. मांस मात्र या दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी १४ वर्षं पूर्ण झाल्यापासूनच बंद.

फसतं कुठे, तर जेवण टळतं आणि त्या वेळेत मोबाइल शिरतो. तो अर्धा तास प्रार्थनेचा आहे. वाचलेले पैसे भुकेल्याचे. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचा, देव तिथे हाच उपास मागतो. देवावर दबाव आणायला केलं तर ते उपोषण झालं.

मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्यांना सूट आहेच.