अडनिड्या मापाची शेगडी आणि आमचा एकवीस इंची ओटा

आमच्या ओट्यात बसवलेल्या शेगडीची काच श्रावणात फुटली आणि महालक्ष्म्या पुढ्यात होत्या. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना त्या दिवसाचा स्वयंपाक सांगायला नको. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरण, कढी, वडे, फुलोऱ्याचं तळण आणि पंगतीवर पंगत. वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळं घरीच होतं, विकत काही येत नाही. तीन बर्नर एकदम चालल्याशिवाय तो दिवस निभत नाही.

घर बांधलं तेव्हा धाकट्या दिरांनी पुण्याहून हा हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी शेगडी, पाठवला होता. तीन बर्नर एका ओळीत, अंगाने लांबट आणि अरुंद. आमच्या स्वयंपाकघराला तो अगदी बरोबर बसला, कारण ओटा नेहमीसारखा २४ इंच खोल नाही, २१ इंचच आहे. मागच्या भिंतीत कॉलम पुढे आलाय आणि समोरून देवघराच्या दाराला वाट ठेवायची होती. मिस्त्रीने हॉब समोर ठेवून ग्रॅनाइटला ३१ इंच लांब आणि साडेतेरा इंच रुंद खड्डा कापला. त्यानंतर इतकी वर्षं त्या मापाचा विचार करायची वेळच आली नाही.

काच फुटली तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. रात्री आवाज झाला, जाऊन पाहिलं तर बर्नर आपल्या जागी आणि सगळ्या ओट्यावर शेंगदाण्याएवढे तुकडे. टफन केलेली काच अशीच फुटते. कडेला कधीकाळी बारीकसा टवका उडालेला असला तरी ती वर्षानुवर्षं टिकते आणि मग एक दिवस एकदम जाते. काच झाडून काढायला वेळ लागला, पण कुणाला लागलं नाही हे मोठंच.

कंपनीला फोन केला. ते मॉडेल बंद झालंय, काच मिळणार नाही, नवीन घ्या, एवढंच उत्तर मिळालं. नवीन घ्यायला आमची ना नव्हती. म्हणून आधी टेप घेतला आणि माप लिहून काढलं, कारण दुकानात पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारतात: "मॅडम, तुमचा हॉब केवढा होता?" हॉब केवढा होता याला अर्थ नाही. दगडातला खड्डा केवढा आहे ते महत्त्वाचं. वरची काच खड्ड्यापेक्षा चारी बाजूंनी मोठी असते, ती दगडावर टेकते आणि तिच्याखालचा पत्र्याचा डबा खड्ड्यात उतरतो. म्हणजे डबा खड्ड्यात मावला पाहिजे आणि काचेने खड्डा झाकला पाहिजे. दोन्ही गोष्टी जमल्या तरच हॉब बसतो. त्यातही मिस्त्री बोलणार इंच आणि सुतात, कंपनीचं पुस्तक बोलणार मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत. आमचा खड्डा मिलिमीटरमध्ये साधारण ७८७ बाय ३४३. हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठे लिहिले आणि प्रत्येक दुकानात तेच पान पुढे केलं.

वरुडच्या बाजारात साध्या शेगड्या भरपूर होत्या, हॉब मोजके. अमरावतीला जास्त होते, नागपूरला त्याहून जास्त. पण सगळीकडे गाडी एकाच ठिकाणी अडली. हॉबची लांबी ६० सेंटिमीटर, ७५, ९० अशी बदलते, पुढून मागची खोली मात्र बहुतेक सगळ्यांची ५० सेंटिमीटरच्या आसपासच. ६० सेंटिमीटरच्या हॉबला सहसा ५६० बाय ४९० मिलिमीटरचा खड्डा लागतो. आमचा ओटाच ५३३ मिलिमीटर. त्यातले ४९० कापले तर उरतात ४३, म्हणजे पुढे एकवीस आणि मागे एकवीस. पाऊण इंचाच्या पट्टीवर भरलेला कुकर कोण ठेवणार? लांबीला दगड कापून किंवा पट्टी जोडून काहीतरी करता आलं असतं, खोलीला काहीच करता येत नव्हतं. माझ्यासारखी ज्यांची अडचण असेल त्यांनी आधी हीच खोली पाहावी. लांबीत वेळ घालवू नये.

नागपूरच्या एका दुकानदाराने मनापासून मदत केली. त्याच्याकडे ३० सेंटिमीटर रुंदीचा दोन बर्नरचा छोटा हॉब होता, तो आडवा फिरवून बसवा म्हणाला. पण आडवा केला की बटणं एका बाजूला जातात, तीनाचे दोन बर्नर होतात आणि काच तीस सेंटिमीटरच, खड्डा चौतीसचा. तो विषय तिथेच संपला.

मग काच बनवून घ्यायचं पाहिलं. नागपुरात टफन काचेचं काम करणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं. साधी काच आधी मापात कापायची, बर्नरची आणि बटणांची भोकं पाडायची, कडा घासायच्या आणि शेवटी सहाशे अंशांच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने एकदम गार करायची. एकदा टफन झाली की तिला ना कापता येतं ना भोक पाडता येतं. म्हणजे माप पहिल्याच वेळी सूतभरही चुकून चालत नाही. आणि जुनी काच नमुना म्हणून द्यायची तर ती सुपात भरलेली. खालच्या पत्र्यावरून नकाशा काढून देता आला असता. पण बर्नरच्या आचेजवळ ही काच किती दिवस टिकेल याची खात्री ते देत नव्हते, आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. ज्या शेगडीपाशी आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पहाटे एकट्या चहा ठेवतात, तिथे खात्री नसलेली काच मला नको होती.

सगळ्यात सोपा उपाय घरातल्यांनी पहिल्याच दिवशी सुचवला होता. खड्ड्यावर दगडाचा तुकडा टाका आणि वर साधी शेगडी ठेवा. स्वस्त आणि मस्त. पण ओटा ३३ इंच उंच, त्यावर शेगडी चार इंच, त्यावर तवा. आई उंचीने लहान. काच फुटल्यापासून ओट्याच्या कोपऱ्यात साधी शेगडी ठेवून काम चालवत होतो, तेवढ्यातच त्यांचा खांदा दुखायला लागला. "मले ते उंच नोको बाई," त्या म्हणाल्या, "तव्यावर भाकर टाकतानी खांदा भरून येते माहा." आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी होतात, संत्र्याच्या बगीच्यात माणसं असली की जास्तच. ती चार इंचं रोज सोसायला लावणं मला पटत नव्हतं.

शेवटी ज्यांनी ओटा बांधला त्याच मिस्त्रीभाऊंना बोलावलं. त्यांनी टेप लावायच्या आधी ओट्याखाली वाकून बघितलं, बोटाने दगड वाजवला, उभे कडप्पे कुठे आहेत ते पाहिलं. मग म्हणाले, "वयनी, तुमी भोकाच्या मापाची शेगडी पाहून राहिल्या, ते काही भेटत नाई. भोकच कायले ठेवता? तेवढा तुकडाच काढून टाकू आन् चार इंच खाली बसवू. मंग कोनतीही शेगडी आना."

मला ते ऐकताक्षणी पटलं. शहरात अशा दोन पातळ्यांच्या ओट्यांची स्वयंपाकघरं मी पाहिली होती, पण तयार ओट्यात हे करता येईल हे डोक्यात आलं नव्हतं. खड्डा मोठा केला तर पुढची-मागची पट्टी तुटते, पण पूर्ण तुकडाच काढला तर पट्टी राहतच नाही. पुढून जागा उघडी राहते, त्यामुळे साध्या शेगडीची बटणं हाताशी येतात. आणि हेही महत्त्वाचं: शेगडीला श्वास घ्यायला जागा मिळते. साधी शेगडी बर्नरच्या नळीच्या तोंडाशी, जेटजवळून हवा ओढते. तिला चारी बाजूंनी बंद खड्ड्यात बसवली तर हवा कमी पडते, जाळ पिवळा होतो आणि भांडी काळी पडतात.

आता मापं जुळवली. ओट्याखालचे दोन उभे कडप्पे एकमेकांपासून ३६ इंचांवर होते. तीन बर्नरची शेगडी साधारण २८ ते ३० इंच लांब असते, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन इंच मोकळे. खाली सिलेंडर ठेवतो, तोही मोजला. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर रेग्युलेटरसकट नव्या दगडाखाली उभा राहतोय का, हे दगड कापायच्या आधी पाहणं भाग होतं. राहत होता, वर बोटभर-चारबोट जागा उरत होती. सिलेंडर नेहमी उभाच आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवा. आडवा ठेवायचा विचारही करू नये. चिमणीचं अंतरही बदलणार नव्हतं, कारण ओटा चार इंच खाली आणि शेगडी चार इंच उंच, जाळ जवळपास जुन्याच जागी.

काम सुरू करायच्या आधी मिस्त्रीभाऊंनी सिलेंडर रेग्युलेटर काढून अंगणात नेऊन ठेवायला लावला आणि दारं-खिडक्या उघडायला सांगितल्या. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली ओट्याच्या कप्प्यात साचून राहतो, आणि कटरची ठिणगी उडतेच. त्यांनी दोन्ही उभ्या कडप्प्यांच्या बरोबर मध्यावर पेन्सिलने रेघ ओढली, म्हणजे कापल्यावर उरलेल्या ओट्याला अर्धा कडप्पा आधाराला राहील. मग कटर. त्यांचा मुलगा एका हाताने पाण्याची बाटली धरून पात्यावर धार सोडत होता. ग्रॅनाइटची कोरडी धूळ छातीला फार वाईट, त्यातली वाळूची बारीक पूड फुप्फुसात बसते ती निघत नाही. पाणी सोडलं की धूळ चिखल होऊन खाली पडते. तरी दोघांनाही तोंडाला रुमाल बांधायला लावला. मधे लाईन गेली, ती परत यायला दुपार झाली, तेवढा वेळ काम थांबलं.

ग्रॅनाइटचा आणि त्याच्याखालच्या कडप्प्याचा तुकडा निघाल्यावर तिथे दीड इंची लोखंडी अँगलची चौकट बसवली. बाजूंनी उभ्या कडप्प्यांना बोल्ट मारून, मागे भिंतीत. चौकटीला आधी लाल ऑक्साइड मारून घेतलं, नाहीतर ओट्याच्या पाण्याने गंज धरतो. त्यावर कडप्पा, कडप्प्यावर नवा ग्रॅनाइट. दोन्ही पातळ्यांच्या मधल्या उघड्या कडांना ग्रॅनाइटच्या पट्ट्या लावल्या आणि पुढची कड गोल घासून घेतली. रंग जुन्याशी तंतोतंत जुळला नाही. जवळून पाहिलं तर कळतो. मला त्याचं काही वाटत नाही.

शेगडी घेताना काच नको हे ठरलेलंच होतं. पूर्ण स्टीलची, तीन बर्नरची, आयएसआय शिक्क्याची घेतली. घरगुती गॅस शेगडीसाठी आयएस ४२४६ हा क्रमांक असतो, तो खोक्यावर आणि शेगडीवर पाहून घ्यावा. मधला बर्नर लहान, कडेचे दोन मोठे, म्हणजे एका बाजूला गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि दुसऱ्या बाजूला तवा एकमेकांना अडत नाहीत. हॉबला जोडलेली जुनी पक्की नळी काढून टाकली. त्याऐवजी नारिंगी सुरक्षा ट्यूब, तीही आयएसआयची. ट्यूब दीड मीटरच्या आत हवी आणि पाच वर्षांनी बदलायची. ती कुठे दगडामागे दडवली नाही. बाजूच्या पट्टीत गोल भोक पाडून, त्याची कड घासून, डोळ्यांसमोर राहील अशी आणली. जोडणी गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घेतली. त्याने साबणाचा फेस जोडांवर लावून बुडबुडे येतात का पाहिलं. काडी पेटवून तपासणारे लोक अजून गावात आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. गळतीचा संशय आला तर रेग्युलेटर बंद करायचा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही आणि १९०६ या क्रमांकावर बाहेर जाऊन फोन करायचा. हा क्रमांक आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलेला आहे.

दगड, अँगल, मजुरी आणि शेगडी धरून जो खर्च आला तो नागपुरात पाहिलेल्या चांगल्या हॉबच्या किमतीच्या निम्म्याहून कमी होता. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तिन्ही बर्नर पहाटेपासून चालले, आईंनी पुरण स्वतः घोटलं, आणि खांद्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

कुणाला असंच करायचं असेल तर चार इंच हा आकडा तसाच उचलू नका. आपण घेणार असलेल्या शेगडीच्या पायापासून जाळीच्या वरपर्यंतची उंची मोजा आणि ओटा तेवढाच खाली घ्या. शेगडी आधी घरात आणून ठेवा, माप तिच्यावरून घ्या आणि मगच दगडाला कटर लावू द्या.