राखीव भूमिका

ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २१ वर्षे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. राबोडी, उथळसर, कोलबाड, बाळकुम अशा भागांतून आमच्याकडे मुले येतात. २०२४ च्या संविधान दिनी केवळ उद्देशिकेचे वाचन करून थांबायचे नाही, तर नववीच्या वर्गाकडून अभिरूप संविधान सभा बसवायची, असे मी ठरवले होते. त्या वर्षी विधानसभेच्या मतदानाची ड्युटी आणि दिवाळीची सुट्टी यांच्यामध्ये हाती फार थोडे दिवस उरले होते, त्यामुळे सुट्टी संपून शाळा भरली त्याच दिवशी मी भूमिकांची यादी घेऊन वर्गात गेले.

विषय मी मुद्दाम कठीण निवडला होता. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना मिळालेले विभक्त मतदारसंघ, म्हणजे मुसलमान मतदारांनीच आपले वेगळे प्रतिनिधी निवडायचे ही पद्धत, संविधान सभेने ऑगस्ट १९४७ मध्ये नाकारली; मात्र सगळ्यांनी मिळून मत द्यायच्या संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांसाठी काही जागा राखून ठेवण्याचा निर्णय त्या वेळी झाला होता. पुढे वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने, धर्माच्या आधारावरील या राखीव जागाही नकोत, अशी शिफारस केली आणि मे १९४९ मध्ये तिच्यावर सभागृहात चर्चा झाली. मद्रासच्या मुहम्मद इस्माईल साहेबांनी या शिफारशीला ठाम विरोध केला. उत्तर प्रदेशच्या बेगम ऐजाज रसूल यांनी तितक्याच ठामपणे तिला पाठिंबा दिला. दोघेही मुस्लिम लीगच्या तिकिटावर निवडून आलेले होते. मुलांनी दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडाव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि त्यासाठी भाषणांतील उतारे मी स्वतः मराठीत उतरवून त्यांच्या प्रती काढल्या होत्या.

बेगम रसूल यांच्यासमोर मी जिचे नाव लिहिले होते, ती राबोडीत राहणारी, वर्गात पहिल्या तिनांत येणारी, स्पष्ट आवाजाची विद्यार्थिनी होती. वर्गातील ती एकमेव मुसलमान मुलगी. तिचे नाव लिहिताना मी आवाजाचा विचार केला होता, असे मी त्या दिवसापर्यंत स्वतःला सांगत होते.

यादी वाचून झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला हंसा मेहता द्याल का?" हंसा मेहता याही संविधान सभेच्या सदस्य होत्या. मी कारण विचारले. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "गॅदरिंगला मला सलमा केले होते, स्वातंत्र्यदिनाच्या नाटकात अशफाकउल्लांची आई केले होते. दर वेळी कोणीतरी मुसलमान असले की ते माझ्याकडेच येते." आवाजात तक्रार नव्हती. वर्ग मात्र एकदम शांत झाला. मी तिला मधल्या सुट्टीत शिक्षक कक्षात बोलावले.

खरे सांगायचे तर तिची समजूत काढण्यासाठीच मी तिला बोलावले होते. या बाई किती मोठ्या होत्या हे कळले तर ती भूमिका आनंदाने घेईल, असे मला वाटत होते. म्हणून मी तिला त्यांची हकीकत सांगितली. मलेरकोटल्याच्या राजघराण्यातील सर झुल्फिकार अली खान यांची ही मुलगी, लग्न होऊन हरदोई जिल्ह्यातील सांडील्याच्या तालुकदार घराण्यात आली. १९३७ मध्ये त्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, विधान परिषदेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा पडदा न पाळणाऱ्या स्त्रीला मत देणे धर्माविरुद्ध आहे, असा फतवा निघाला. तरीही त्या निवडून आल्या, आणि त्यांची जागा स्त्रियांसाठी राखीव नव्हती. पुढे तीन वर्षे त्या परिषदेच्या उपाध्यक्ष होत्या. स्वतः जमीनदाराच्या घरात राहून त्यांनी जमीनदारी रद्द करण्याची बाजू घेतली. संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या. त्यांतील मुसलमान स्त्री एकच, आणि ती म्हणजे बेगम रसूल.

हे सगळे तिने लक्ष देऊन ऐकले. मग उताऱ्याची प्रत उचलून ती तिथेच उभ्याने वाचू लागली. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा म्हणजे आत्मघातकी शस्त्र आहे, ते अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे वेगळे करते, हे त्यांचे वाक्य मी उताऱ्याच्या मध्यभागी ठेवले होते. ती तिथे थांबली, वाक्य पुन्हा वाचले आणि मान वर करून म्हणाली, "बाई, मी सकाळी वर्गात जे म्हणाले, तेच या म्हणतायत ना?"

मला उत्तर सुचले नाही. ज्या बाईने सभागृहात उभे राहून आपल्याला वेगळी बसवू नका असे सांगितले, तिची भूमिका मी वर्गातील एकुलत्या मुसलमान मुलीसाठी राखून ठेवली होती. ही भाषणे मी कैक रात्री बसून मराठीत आणली होती, प्रत्येक शब्द दोनदा तपासला होता, आणि तरीही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी तिची माफी मागितली. ती अवघडली. "तसे नाही बाई," एवढेच म्हणाली.

पण तिचे बोलणे संपले नव्हते. हंसा मेहतांचा उताराही तिने घरी नेण्यासाठी मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ती एक शंका घेऊन आली. १९ डिसेंबर १९४६ रोजी हंसाबाई सभागृहात म्हणाल्या होत्या की, आमच्या महिला संघटनेने राखीव जागा, कोटा किंवा विभक्त मतदारसंघ कधीच मागितले नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. तिने विचारले, "बाई, दोघीही राखीव जागा नको म्हणतात. पण २०१७ ला आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव होती, म्हणून माझी खाला, म्हणजे मावशी, उभी राहिली. पडली ती. पण जागा राखीव नसती, तर तिला कोणी उभे राहायला सांगितले असते का?"

नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते: ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले, आणि २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांसाठीही एक तृतीयांशाची तरतूद केली. हे मी तिला सांगितले. तिला मात्र दुसरेच काही हवे होते. "आणि मुसलमान बायका? आता लोकसभेत किती आहेत?" २०२४ च्या निवडणुकीत एकूण ७४ स्त्रिया निवडून आल्या, आणि त्यांत मुसलमान दोन: कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या सजदा अहमद. हा आकडा सांगताना मला जड गेले.

"मग बेगम रसूल चुकल्या का?" ती म्हणाली.

मी म्हणाले की, बहुसंख्याक समाजाच्या सद्‌भावनेवर विसंबून राहण्याचा निर्णय त्यांनी फाळणीनंतर दोन वर्षांच्या आत घेतला. रक्तपात ताजा होता, लीगच्या लोकांकडे संशयाने पाहिले जात होते, आणि विभक्त मतदारसंघांनी काय केले हे त्यांनी आतून पाहिले होते. त्यांनी आपल्या बाजूने विश्वास टाकला. त्या विश्वासाला पुढे काय उत्तर मिळाले, याचा जाब त्यांना विचारता येणार नाही, तो उरलेल्या सगळ्यांना विचारावा लागेल. आजही माझे मत तेच आहे. तिला ते पटले की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

भूमिका बदलल्या. बेगम रसूल यांचे भाषण बाळकुमच्या एका मुलीने मागून घेतले. ती शाळेच्या कबड्डी संघाची कर्णधार होती, आणि या बाईंनी भारतीय महिला हॉकी संघटनेचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळले हे ऐकल्यावर तिने दुसऱ्या कोणाला ती भूमिका घेऊ दिली नाही. तालमीत वेशभूषेचा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने राबोडीच्या मुलीला घरून बुरखा आणायला सांगितले. ती लगेच म्हणाली, "त्या पडदा सोडून राजकारणात आल्या होत्या. बुरखा कशाला? माझी अम्मी वापरते, ती गोष्ट वेगळी." कबड्डीच्या कर्णधाराने साधी पांढरी साडी नेसायचे ठरवले.

मतदानासाठी आमचे वर्ग घेतले होते, त्यामुळे बाके इकडची तिकडे झाली होती. २६ नोव्हेंबरला सकाळी मुलांनीच ती सभागृहात अर्धवर्तुळाकार मांडली. मुहम्मद इस्माईल साहेब झालेल्या मुलाने फार तळमळीने भाषण केले, इतके की टाळ्या त्यालाच जास्त मिळाल्या. बेगम रसूल बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा कर्णधाराचा हात थरथरत होता, पण आत्मघातकी शस्त्राच्या वाक्यावर तिने कागद खाली ठेवला आणि समोर पाहून ते म्हटले. शेवटी मी सूत्रसंचालकाला त्यांच्या पुढील आयुष्याचा परिच्छेद वाचायला लावला: १९५२ मध्ये राज्यसभा, १९६९ ते १९८९ उत्तर प्रदेश विधानसभा, त्यातील पहिली दोन वर्षे मंत्रिपद, २००० मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये निधन.

प्रत्यक्ष संविधान सभेत ही शिफारस मोठ्या बहुमताने स्वीकारली गेली होती. आमच्या सभेत मात्र, मतदान करताना भूमिका बाजूला ठेवून प्रत्येकाने स्वतःचे मत द्यावे, असे मी आधीच सांगितले होते. वर्गप्रमुखाने हात मोजले. शिफारशीच्या बाजूने २२, विरोधात १८. उपस्थिती ४१ होती. त्याने पुन्हा मोजले आणि माझ्याकडे पाहिले. हंसा मेहता दुसऱ्या रांगेत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"तटस्थ, असे लिहा," ती वर्गप्रमुखाला म्हणाली. त्याने फळ्यावर तिसरा रकाना आखला आणि त्यात १ लिहिला.