एवढी सुंदर फुलं लावून वर पांढरं का फासता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बागेचा विषय घेऊन मी जे जुनाट, विटक्या चेहऱ्याचे मिक्स्ड मीडिया कॅनव्हास, म्हणजे रंगांसोबत नाना वस्तू चिकटवून केलेली चित्रं, करते, ते बघणाऱ्यांचे प्रश्न बरेच असतात. गोंद कुठला वापरता, गरम हवेने रंग वाळवणारी हीट गन लागतेच का, वगैरे. पण एक प्रश्न हमखास येतो आणि त्यात कुतूहलापेक्षा हळहळ जास्त असते. "गुलाबी, जांभळी, एवढी देखणी फुलं चिकटवलीत, लेस लावलीत, आणि वरून सगळ्यावर पांढरा रंग फासलात! असं का? आणि पांढरंच करायचं होतं तर रंगीत फुलं घेतलीत कशाला?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येतं. ज्या फुलाचा आकार आवडला ते घेतलं, रंग बघितलाच नाही. सगळं पांढरं होणार हे आधीच ठरलेलं असलं की भडक नारिंगी फूल चालतं, प्लास्टिकचं चकचकीत पान चालतं, कपड्यावरून निघालेलं एकुलतं एक बटण चालतं. खोक्यात पडून असलेल्या निम्म्या वस्तू त्यामुळेच कामाला येतात.

पहिल्या प्रश्नासाठी थोडं बसावं लागेल.

अशा कॅनव्हासवर काय काय असतं ते आठवून बघा. कागदी फुलं, कापडी फुलं, लेसचा तुकडा, जाळीचं कापड, सुतळी, पुठ्ठ्याचं कातरलेलं फाटक, धातूची किल्ली, प्लास्टिकचे मणी. प्रत्येकाचा रंग वेगळा, चकाकी वेगळी. ते एकत्र चिकटवले तरी एकत्र येत नाहीत. डोळा एकेका वस्तूपाशी थांबून तिची ओळख पटवत बसतो: हे बटण, ही किल्ली, ही लेस अमक्या पोशाखाची. पांढरा थर बसला की ही ओळख पुसट होते. रंग गेला, चकाकी गेली, राहिला फक्त उंचसखलपणा आणि त्यावर पडणारी सावली. मग किल्ली देठासारखी वाचता येते आणि बटण फुलाच्या गाभ्यासारखं. वेगवेगळ्या वस्तूंचा ढीग तिथे एका चित्राचा पृष्ठभाग होतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला महत्त्वाचा क्षण हाच. नंतरचे रंग म्हणजे चैन.

ही युक्ती माझी नाही आणि हस्तकलेच्या जगाचीही नाही. अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हेलसन टाकून दिलेलं लाकूड गोळा करायच्या. खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे दांडे, तुटक्या चौकटी. ते खोक्यांत रचून भिंतीएवढी शिल्पं उभारायच्या आणि अख्खी रचना एकाच रंगाने रंगवायच्या, बहुतेक वेळा काळ्या. १९५९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात त्यांनी पहिल्यांदा मोठी पांढरी मांडणी केली. तिची छायाचित्रं नीट बघा. खुर्चीचा पाय खुर्चीचा पाय म्हणून दिसायला वेळ लागतो. आधी दिसतात त्या सावल्या.

पांढऱ्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो जरा निर्दय आहे. रंगीत फुलं असली की रचना कच्ची असली तरी खपून जाते, कारण गुलाबी रंग बघणाऱ्याला खूश करतो. पांढरं झालं की लपायला जागा उरत नाही. कॅनव्हास उभा करावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावं, एका बाजूने दिवा लावावा आणि डोळे किलकिले करून बघावं. सगळी फुलं एकाच उंचीची असली तर चित्र सपाट दिसतं. सगळी तोंडं आपल्याकडे करून बसली असली तर ती बाग वाटत नाही, हार वाटतो. बागेत फूल कधी बाजूला वळलेलं असतं, कधी अर्धं पानाआड गेलेलं, कधी नुसती कळी, कधी पाकळ्या गळून उरलेला गाभा. त्यामुळे फुलं चिकटवताना एकदोन फुलं मी मुद्दाम आडवी बसवते आणि एखाद्याच्या पाकळ्या खुडते. देठ खालून येतील, झुडूप एका कोपऱ्यातून वर चढेल आणि दुसरा कोपरा बऱ्यापैकी मोकळा राहील, एवढं पाळलं तरी पुरतं. जाळीच्या कुंपणाचं स्टेन्सिल ठेवून मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे वाळल्यावर उठावदार राहणारा घट्ट लगदा, ओढली की मोकळी जागाही बोलकी होते. घड्याळाच्या तबकड्या आणि दातेरी चाकं अशा कामांत फार दिसतात. बागेत त्यांचं काय काम, हे मला अजून कोणी पटवलेलं नाही.

आता पांढरं म्हणजे काय. तो जेसो असतो, कॅनव्हासला चित्राआधी देतात तोच अस्तराचा थर. जुन्या काळी तो प्राण्यांच्या कातडीपासून केलेल्या सरसात खडू किंवा जिप्सम कालवून करत. आज मिळतो त्यात सरसाच्या जागी अ‍ॅक्रिलिक असतं, आणि खडूच्या जोडीला टायटॅनियमचं पांढरं. झाकण्याचं काम टायटॅनियम करतं. खडू पृष्ठभाग खरखरीत आणि किंचित शोषणारा ठेवतो, आणि आपल्याला हवा असतो तो हाच गुण. साधा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग वाळला की त्याची गुळगुळीत कातडी होते आणि वरून सोडलेला पातळ रंग तिच्यावरून ओघळून जातो. जेसो तो धरून ठेवतो. शिवाय कागद, कापड, धातू, प्लास्टिक या सगळ्यांना एकाच प्रकारची पकड येते. फार गुळगुळीत प्लास्टिक मात्र आधी सँडपेपरने घासून घ्यावं, नाहीतर थर नखाने सोलून निघतो.

लावताना घाई नको. कागदी फुलांना पाण्याने पातळ केलेला जेसो दिला तर पाकळ्या ओल्या होऊन लोळतात. म्हणून घट्ट जेसो, ब्रशवर थोडाच घेऊन, टोकाने टिपत टिपत, आणि पहिला हात वाळल्यावरच दुसरा. हीट गन जवळ धरली की ओल्या थराला फोड येतात. काही जणांना ते आवडतात. मला ते चिडलेल्या त्वचेसारखे वाटतात, त्यामुळे मी आपोआप वाळू देते. हॉट ग्लूने चिकटवलेलं असेल तर हीट गन आणखी लांब ठेवावी, कारण तो गोंद पुन्हा वितळतो आणि फूल हळूच सरकतं. जड वस्तूंसाठी मी घट्ट जेल मीडियमच, म्हणजे गोंदासारखं चिकटणारं दाट जेलच, वापरते. वाळायला रात्र घेतं, पण नंतर हलत नाही. आणि ताणलेल्या कॅनव्हासवर वजन पडलं की मधे झोळ येतो. त्यासाठी मागच्या चौकटीत बरोबर बसेल असा जाड पुठ्ठा आधीच बसवून घ्यावा.

दोन वस्तू पांढऱ्याला दाद देत नाहीत. एक, उघडं लोखंड. पाण्यातला रंग त्यावर बसला की गंज धरतो आणि तांबूस डाग वर उमटतो. दुसरी, चहाच्या पाण्यात रंगवलेली लेस. चहातलं टॅनिन ओल्या थरातून वर झिरपतं आणि पांढऱ्यावर पिवळट छटा येते. नको असेल तर अशा वस्तूंवर आधी व्हार्निशचा हात द्यावा. जुनाटपणाच हवा असेल तर मात्र हे डाग फुकटात मिळतात आणि कुठल्याही बाटलीतल्या रंगापेक्षा खरे दिसतात. मी लोखंडाला बहुधा काहीच लावत नाही.

मग रंग. पांढरं पुरतं वाळल्यावर पाण्याचा फवारा मारायचा, पातळ रंग सोडायचा आणि कॅनव्हास तिरपा करायचा. रंग आपणहून खोलगट जागा शोधतो. पाकळ्यांच्या मुळाशी, लेसच्या भोकांत, पेस्टच्या कडेला साचतो आणि उंचवट्यांवरून उतरतो. इथे हात आवरावा लागतो. विटका गुलाबी, राखट हिरवा आणि एक तपकिरी, एवढ्यावर माझी अख्खी बाग होते. गुलाबी विटका करायचा तर त्यात काळा घालू नये, चिमूटभर हिरवा घालावा. पण हीच गोष्ट कॅनव्हासवर ओल्यात झाली, म्हणजे गुलाबीवर हिरवा मनाप्रमाणे धावला, की सगळा चिखल होतो. म्हणून एक रंग वाळेपर्यंत दुसऱ्या बाटलीला हात लावायचा नाही. फवाऱ्याचे रंग घेताना ते पिगमेंटचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचे, आहेत का तेही बघावं. डायचे, म्हणजे विरघळलेले, रंग पहिल्या दिवशी जास्त झळाळतात, पण त्यांतले बरेचसे उजेडात उडतात, आणि पुढच्या फवाऱ्याला परत सुटतात.

तपकिरीबद्दल जरा विस्ताराने सांगते, कारण 'व्हिंटेज' दिसण्याचं सगळं श्रेय लोक तिलाच देतात. बर्न्ट अंबर नावाचा तपकिरी रंग तांबूस असतो, त्यात गंजाची छटा येते. रॉ अंबर किंचित हिरवट असतो, त्याने बागेतल्या जुन्या दगडावरच्या धुळीसारखं दिसतं. फुलांच्या कामात मला रॉ अंबरच आवडतो. पण खरा प्रश्न तपकिरी कुठे हवी, हा आहे. 'शॅबी शिक' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते रेचल अ‍ॅशवेल यांनी १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात त्याच नावाचं दुकान काढल्यानंतर. जुनं फर्निचर, पांढरा रंग, फुलाफुलांची विटकी कापडं, असा तो थाट. त्या फर्निचरवर रंग कुठे उडालेला असतो? कडांवर, मुठीपाशी, जिथे हात लागतो तिथे. म्हणजे उंच जागी आतलं गडद लाकूड दिसतं आणि खोलगट जागी पांढरं शिल्लक राहतं. आमच्या कॅनव्हासवर नेमकं उलटं असतं. उंच जागा पांढऱ्या आणि गडद रंग खोलात. तरीही दोन्ही जुनी दिसतात, कारण जुनं होण्याच्या तऱ्हा दोन आहेत. एक घासून झिजण्याची, दुसरी धूळमाती साचण्याची. बागेतली मूर्ती दुसऱ्या तऱ्हेने जुनी होते. तिला कोणी हात लावत नाही, पाऊस उंचवटे धुतो आणि मळ खाचांत राहतो. फुलं या तऱ्हेची हवीत. लाकडी फाटक किंवा कॅनव्हासच्या कडा पहिल्या तऱ्हेच्या हव्यात, म्हणून त्या मी आधी गडद करते, वर पांढरं देते आणि वाळल्यावर सँडपेपरने घासते. फुलांच्या टोकांवरही तपकिरी आणि खाचांतही तपकिरी, अशी सरमिसळ केली की वस्तू जुनी न दिसता नुसती मळकी दिसते. बरेच कॅनव्हास इथेच फसतात, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

शेवटी पुन्हा पांढरं येतं, पण या वेळी जवळजवळ कोरड्या ब्रशने. जेसो ब्रशला लावून कागदावर पुसून टाकायचा, आणि जो काही उरला असेल तो फक्त पाकळ्यांच्या टोकांवरून आणि लेसच्या विणीवरून हलकेच फिरवायचा. आधी हात दिला तो सगळ्यांना एक करण्यासाठी. हा हात त्यांना पुन्हा सुटं करण्यासाठी. एवढ्याने पाकळी पाकळीवरून उचलली जाते.

सगळंच पांढऱ्याखाली घालावं असं नाही. जुन्या पत्राचं पान, छापील फुलांचं चित्र यांचा जीव अक्षरांत किंवा रेषेत असतो. त्यांच्यावर मी मॅट मीडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक आणि बिनचकाकीच्या द्रवाचा, किंवा पारदर्शक जेसोचा थर देते. पत्र खरं असेल तर लेझर प्रत काढून तीच लावते, कारण इंकजेटची शाई बहुतेकदा ओलाव्याने पसरते आणि खरा कागद परत मिळत नाही. काही फुलं तर मुळात पांढऱ्यासाठी नसतातच. मेरी डेलनी नावाच्या इंग्रज बाईंनी अठराव्या शतकात, वयाच्या बहात्तरीत, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून फुलं करायला घेतली. दृष्टीने साथ सोडेपर्यंत साधारण हजारभर केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक फूल काळ्याभोर कागदावर एकटं, देठापानांसकट, वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखावं इतकं नेमकं. कुठेकुठे तर खरं पानच चिकटवलेलं. त्यावर जेसो फिरवायचा विचारही सहन होत नाही. पण तिथे एकेका फुलाची ओळख पटवायची होती, मला बाग दाखवायची असते.

या प्रश्नाला जोडून एक उपप्रश्न येतोच: यावर धूळ बसत नाही का? बसते. लेस आणि पाकळ्या म्हटल्यावर बसणारच. वरून मॅट व्हार्निशचा फवारा दोनदा हलका मारलेला असला तर ती आत मुरत नाही. चकचकीत व्हार्निश नको, त्याने सगळ्या सावल्या मरतात. महिन्या-दोन महिन्यांनी मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली झटकायचं, ओलं फडकं लावायचं नाही. आणि खाचांतली निघाली नाही तर राहू द्या. तिथे मी रॉ अंबर लावलेलाच आहे, कोणाला फरक कळत नाही.