गामा-३ चं रीस्टार्ट प्रकरण मिटलं, आणि सप्लायचा आराखडा पुन्हा बदलला

गामा-३, म्हणजे माझ्या घरच्या छोट्या बिटॲक्स बिटकॉइन मायनरांपैकी एक, रीस्टार्ट व्हायचा थांबला. मागच्या नोंदी वाचलेल्यांना या एका वाक्याचं मोल कळेल. फर्मवेअर बदललं, राउटरचा चॅनल बदलला, हीटसिंकखालची पेस्ट नवी लावली, शेवटी अख्खा सप्लाय बदलला, तरी संध्याकाळ झाली की ॲक्सओएसवर (बिटॲक्सच्या सॉफ्टवेअरवर) अपटाइम शून्यावर आलेला. दोष यांपैकी कशातच नव्हता. तो होता डीसी प्लगमध्ये. तो सापडला कसा हे सविस्तर लिहितो, कारण घरी ५ व्होल्टवर बिटॲक्स चालवणाऱ्या कुणालाही हा त्रास होऊ शकतो आणि बहुतेक वेळा आळ एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, येतो.

आधी मांडणी. दोन गामा, गामा-२ आणि गामा-३ (बीएम१३७० चिप, ५२५ मेगाहर्ट्झ, ११५० मिलिव्होल्ट, म्हणजे आहे तसंच सेटिंग) आणि जुना अल्ट्रा (बीएम१३६६). गामा प्रत्येकी साधारण साडेसतरा वॅट घेतो, अल्ट्रा बारा. एकूण ४७ वॅट. प्लास्टिकच्या डबीतला जुना अडॅप्टर काढून मीनवेलचा जाळीवाला एलआरएस-१००-५ लावला, हे मागच्या वेळी लिहिलंच होतं. ५ व्होल्ट, १८ अँपिअर, ९० वॅट. लोड निम्म्याच्या जरा वर बसतो, पंखा नाही, आणि आउटपुट व्होल्टेज ट्रिम करायला छोटा पॉट (फिरवायचा स्क्रू) आहे. ट्रिम पॉट नसलेला सप्लाय या कामाला मी आता घेणार नाही.

‘६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर आहे, तो चालेल का’ हा प्रश्न अजून येतो. नाही चालणार. अशा चार्जरच्या यूएसबी-सी पीडी मानकात ५ व्होल्टला जास्तीत जास्त ३ अँपिअर मिळतात, म्हणजे १५ वॅट. ६५ वॅट मिळतात ते २० व्होल्टवर. गामाची भूक तिथे भागत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायबद्दलही माझं मत चांगलं नाही. त्या काळच्या स्वस्त सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्रच असतं. १२ रिकामा ठेवून सगळा भार ५ वर टाकला की १२ वर चढतो आणि ५ खाली बसतो. भंगारातून मिळाला तरी नको.

आता मूळ दुखणं. नवा सप्लाय लावल्यावर गामा-२ आणि अल्ट्रा शांत झाले, गामा-३ नाही. सकाळी त्याला पाहिलं, हात लावला, की दुपारपर्यंत ठीक. ऊन चढलं की हॅशरेट (मायनिंगचा वेग) डळमळायचा आणि संध्याकाळी रीस्टार्ट. उष्णतेशी संबंध दिसत होता म्हणून पेस्ट आणि पंख्याच्या मागे लागलो होतो. पण चिपचं तापमान दोन्ही गामांचं जवळपास सारखं होतं. मग दोन्ही बोर्ड एकमेकांच्या जागी ठेवले. दोष बोर्डासोबत गेला नाही, वायरसोबत राहिला. इथून पुढे मल्टिमीटर सोडून बाकी सगळं बाजूला ठेवलं.

पद्धत साधी आहे. बोर्ड पूर्ण लोडवर चालू असताना तीन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं. एसएमपीएसच्या स्क्रूवर ५.१०. वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथे ४.९९. आणि बोर्डावर, जॅकच्या मागच्या सोल्डरवर, ४.६८. ॲक्सओएसमध्येही हाच आकडा दिसतो, कारण तो टीपीएस५४६ रेग्युलेटरच्या इनपुटवरून येतो, म्हणजे जॅक ओलांडल्यानंतरचा. अर्धा मीटर वायर ०.११ व्होल्ट खाते, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान प्लग ०.३१! गामा-२ वर हेच मोजलं तर प्लगमध्ये ०.०५.

०.३१ व्होल्ट आणि ३.७ अँपिअर, म्हणजे त्या संपर्कबिंदूवर ८४ मिलिओहम. तिथे एक वॅटहून जास्त उष्णता सतत तयार होत होती. प्लग हाताला गरम लागत होता तो म्हणून. पत्ती तापते, तिचा ताण कमी होतो, संपर्क आणखी सैल होतो, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापते. मी सकाळी प्लग हलवला की पिन घासून नवी जागा पकडायची आणि काही तास निभायचे. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी बंद’ याचं कोडं इथे सुटलं.

यात आणखी एक गोष्ट भर घालते आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तारेच्या जुन्या बल्बचं व्होल्टेज घसरलं की त्याचा करंटही घसरतो. बिटॲक्सचं तसं नाही. त्यावरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा तोच रेग्युलेटर) चिपला ठरलेलं व्होल्टेज देणारच, म्हणून इनपुट खाली आलं की तो जास्त करंट ओढतो. ५ व्होल्टला साडेतीन अँपिअर, ४.६८ ला पावणेचार. करंट वाढला की वायर आणि प्लगमधला ड्रॉप वाढतो, त्याने इनपुट आणखी खाली. एका मर्यादेपर्यंत हे सावरतं. मग संपर्क क्षणभर जरी हलला तरी रेग्युलेटर हात टेकतो.

प्लगवर व्हर्नियर लावला आणि उत्तर मिळालं. बोर्डावरच्या जॅकची पिन २.१ मिलिमीटर. प्लगचं भोक २.५. बाहेरून दोन्ही ५.५, त्यामुळे प्लग आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि बोर्ड चालूही होतो. पाकिटावर मात्र ५.५ बाय २.१ असंच छापलेलं आहे. त्याच पाकिटातल्या गामा-२ च्या पिगटेलचं (प्लग लावलेल्या तयार वायरचं) भोक बरोबर २.१ आहे, म्हणजे माल मिसळलेला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा मिसळलेला माल कुठेही मिळू शकतो. तपकीर गल्लीत घ्या, लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन मागवा, जुळणारा जॅक खिशात घेऊन जा आणि प्रत्येक प्लग घालून पाहा. २.१ चा प्लग ओढताना बोटाला अडतो. २.५ चा अलगद सुटतो.

गामा-३ ला आता नवी शेपटी आहे: दीड स्क्वेअर एमएमची बारीक तारांची लवचिक वायर, लांबी फक्त ४० सेंटिमीटर, आणि मोजून घेतलेला २.१ चा प्लग. एसएमपीएसच्या बाजूला तारांच्या टोकावर थिंबल (धातूची टोपी) दाबून क्रिंप केलं. स्क्रू टर्मिनलसाठी तारांची टोकं सोल्डरने भरू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो. बोर्डावर आता ५.०१ दिसतं. सप्लाय तोच, पॉटला हात लावलेला नाही. हा आकडा बघायला मी दिवसातून कितीदा तरी ॲक्सओएस उघडतो, आणि प्रत्येक वेळी आनंद होतो.

पॉट फिरवून व्होल्टेज वाढवलं असतं तर भागलं असतं का? तात्पुरतं हो. पण ०.३१ चा ड्रॉप भरून काढायला स्क्रूवर ५.४ च्या आसपास जावं लागलं असतं. गामा-३ ला ते ठीक वाटलं असतं आणि शेजारच्या चांगल्या वायरवरचा गामा-२ विनाकारण चढ्या व्होल्टेजवर राहिला असता. पंखाही थेट याच ५ व्होल्टवर चालतो. मी स्वतः ५.२५ च्या पुढे जात नाही. पॉट वायरमधला उरलेला थोडा ड्रॉप भरायला आहे, खराब संपर्क झाकायला नाही.

वायरच्या जाडीचा हिशेब एकदा करून ठेवा. बाजारातल्या बऱ्याच तयार पिगटेल २२ गेजच्या असतात. त्यांचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ५३ मिलिओहम. एक मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १०६, आणि साडेतीन अँपिअरला ०.३७ व्होल्ट गेले. १२ व्होल्टच्या यंत्राला हे तीन टक्के, ५ व्होल्टच्या यंत्राला सात टक्क्यांहून जास्त. म्हणून ५ व्होल्टवर सप्लाय निवडताना वॅटपेक्षा वायरची लांबी आणि जाडी आधी ठरवा. सप्लाय बोर्डाच्या कुशीत ठेवा आणि लांब पल्ला २३० व्होल्टच्या वायरला करू द्या.

मधल्या काळात एक सुखद गोष्ट घडली. रात्री वीज गेली, घरचा इन्व्हर्टर लागला आणि तिन्ही बोर्ड न थांबता चालत राहिले. जुन्या अडॅप्टरवर प्रत्येक वेळी तिन्ही बंद पडायचे. कारण सप्लायच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये आहे. २३० एसी रेक्टिफाय झाल्यावर तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो, आणि बदलाच्या त्या काही मिलिसेकंदांत सप्लाय त्याच साठ्यावर जगतो. साठा ठरलेला, त्यामुळे लोड निम्मा असेल तर तग धरण्याचा वेळ जवळपास दुप्पट. मोठा सप्लाय घेण्याचं हे मला सगळ्यात पटलेलं कारण आहे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर तेही चालू ठेवा, बदल लवकर होतो.

आता योजनेबद्दल. ठरलं होतं की याच एलआरएसवर आणखी एक गामा चढवायचा आणि तिन्ही गामा ६०० मेगाहर्ट्झच्या पुढे न्यायचे. हे लिहिता लिहिता दोन गोष्टी खटकल्या. पहिली, साध्या बॅरल जॅकला (हाच गोल डीसी जॅक) ५ अँपिअर म्हणजे कमाल मर्यादा, अनेकांची त्याहूनही कमी. ओव्हरक्लॉक केलेला गामा साडेचारपर्यंत सहज जातो. तेव्हा जॅक टाळून त्याच्या मागच्या सोल्डर पॅडवर एक्सटी३० कनेक्टरची शेपटी लावायची. एक्सटी३० ला १५ अँपिअर चालतात आणि ते उलटं बसत नाही. आधी हा प्रयोग अल्ट्रावर करीन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फ्यूज. १८ अँपिअरचा सप्लाय आणि त्याला तीन बारीक शेपट्या. एका शेपटीत शॉर्ट झाला तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होईल. पण अर्धवट शॉर्ट असेल, १४-१५ अँपिअर वाहत असतील, तर त्याला तो साधा लोडच वाटेल आणि २२ गेजच्या वायरचं आवरण वितळेल. चोवीस तास चालणाऱ्या, रात्री आपण झोपलेलो असताना चालणाऱ्या यंत्राला हे चालणार नाही. म्हणून प्रत्येक शेपटीला ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात फ्यूज आणि होल्डर दोन्ही मिळतात. फ्यूजचे दहाएक मिलिओहम धरले तर ०.०४ व्होल्ट जातील, ५.०१ चं ४.९७ होईल. तेवढं मी आनंदाने देईन. नवा गामा फ्यूज बसेपर्यंत थांबेल.

१२ व्होल्टची एकच बस (सगळ्यांना सामायिक लाइन) आणि प्रत्येक बोर्डाशेजारी छोटा बक मॉड्यूल, हाही विचार केला. करंट कमी, ड्रॉप कमी, शिवाय १२ व्होल्टचे सप्लाय जास्त कार्यक्षम असतात, कारण आउटपुट डायोडवर जाणारा अर्धा व्होल्ट पाचातून जाणं आणि बारातून जाणं यात फरक आहे. पण बक मॉड्यूलमधला मॉसफेट (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ च्या बोर्डावर येतील आणि गामा जागीच मरेल. स्वस्त मॉड्यूलवर तेवढा विश्वास नाही. ५ चं ५ वरच राहू दे.

वीज म्हणाल तर भिंतीवर ५६ वॅट दिसतात, महिन्याला साधारण ४० युनिट. तिन्ही मिळून २.९ टेराहॅश (सेकंदाला २.९ लाख कोटी प्रयत्न) आणि समोर एक झेटाहॅशचं (शंभर कोटी टेराहॅशचं) बिटकॉइन नेटवर्क धरलं तर सरासरी साडेसहा हजार वर्षांत एक ब्लॉक. पण जुलै २०२४ मध्ये सीकेपूलवर (एकट्याने मायनिंग करणाऱ्यांच्या पूलवर) ३ टेराहॅशच्या आसपासच्या एका एकट्या मायनरला ३.१२५ बिटकॉइनचा ब्लॉक लागला होता. प्रत्येक हॅशला संधी सारखीच असते, म्हणून यंत्र चालू राहणं महत्त्वाचं आणि म्हणून ही सगळी वायरिंगची मेहनत.

पुढचा पाहुणा चार चिपचा नर्डक्यूॲक्स++. तो १२ व्होल्टचा, ऐंशी वॅटच्या आतबाहेर, त्याला वेगळा एलआरएस-१५०-१२. हा घेणाऱ्यांनी एक बघा: एलआरएस-१०० कुठल्याही मेन्स व्होल्टेजवर आपोआप चालतो, साध्या एलआरएस-१५० ला मात्र बाजूला ११५/२३० चं सरकवायचं बटण असतं. प्लग लावण्याआधी ते २३० वर आहे याची खात्री करा, आणि अर्थिंगच्या स्क्रूला हिरवी वायर जोडल्याशिवाय चालू करू नका. फ्यूजवाल्या मांडणीचे आकडे आणि अल्ट्रावरचा एक्सटी३० पुढच्या नोंदीत. तोवर आपापल्या गामाचं इनपुट व्होल्टेज लोडवर मोजा. ४.८ च्या खाली दिसलं तर आधी प्लग तपासा.